दुकानात शेजारच्याला गाडीचा सल्ला द्यावा का? नव्या हौशींसाठी पायरीपायरीने

गाडीची निगा स्वतः राखायला लागलं की काही महिन्यांत एक खोड लागते. शॅम्पू, ऑइल, वॅक्सच्या रॅकपुढे उभं राहिलं की स्वतःची यादी राहते बाजूला आणि लक्ष जातं शेजारच्याच्या हातातल्या बाटलीकडे. ‘अहो, ते नका घेऊ’ हे शब्द अगदी ओठांवर येतात. ते कधी बोलावेत, कधी गिळावेत आणि बोलायचेच तर कसे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा गप्प बसावं. पण चार-सहा गोष्टी अशा आहेत की तिथे गप्प बसणाऱ्याला भिडस्त म्हणून सोडून देता येत नाही. त्या कुठल्या हे कळलं की बाकीचं सोपं आहे, म्हणून त्या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

पायरी १: बाटलीवरून माणसाची परीक्षा करू नका

आपल्याला दिसते ती फक्त बाटली. ती कुठल्या गाडीसाठी आहे, कशासाठी आहे, घरी आधीपासून काय आहे, यातलं काहीच दिसत नाही. आणि नवशिक्याला जी खरेदी हमखास चुकीची वाटते, ती बऱ्याचदा जाणकाराची असते.

काही उदाहरणं घ्या. एकजण गाडीच्या सामानात २००० नंबरचा पॉलिशपेपर टाकतोय. आपल्या पोटात गोळा येतो, पण पिवळे पडलेले हेडलाइट साफ करायला पाण्यासोबत नेमका असाच बारीक पेपर वापरतात. दुसरा वायपरची दोन पाती घेतोय, एक लांब आणि एक आखूड. चूक नाही, पुष्कळ गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूचं पातं मोठंच असतं. तिसऱ्याने भांडी घासायचं लिक्विड घेतलंय. आपण वाचलेलं असतं की त्याने वॅक्स निघून जातं. बरोबर आहे, निघतं. पण नवा थर चढवण्याआधी जुना काढायचा असेल तर मुद्दाम तेच वापरणारेही आहेत, आणि त्याच्या घरी भांडी असण्याची शक्यताही धरायला हवी. चौथा २०डब्ल्यू-५० ऑइल घेतोय, आजकालच्या मानाने दाट. त्याच्याकडे जुनं इंजिन असेल आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलेलं असेल.

तेव्हा पहिला नियम असा की ‘हे चुकीचं आहे’ असं मनात आलं की लगेच ‘हे बरोबर ठरेल अशी कुठली परिस्थिती आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा. एक जरी पटण्यासारखं उत्तर सापडलं तर तोंड बंद.

पायरी २: चूक कुठल्या जातीची आहे ते ठरवा

समजा खरंच चूक दिसतेय. मग बघायचं की या चुकीने कोणाला इजा होऊ शकते का, झालेलं नुकसान परत भरून येतं का, आणि ती चूक त्या माणसाला वेळेत स्वतःहून कळेल का. इजेचा संभव असेल तर बोलायचंच. इजा नाही पण नुकसान कायमचं असेल तर माणूस बघून बोलायचं. बाकी सगळं सोडून द्यायचं.

बोलायचंच अशांत पहिला नंबर ब्रेकचा.

ब्रेक किंचाळतात म्हणून वंगणाचा स्प्रे शोधणारी माणसं असतात. तर्क सरळ आहे: बिजागरी कुरकुरली की तेल, तसं ब्रेक कुरकुरला की स्प्रे. पण ब्रेक थांबवतो तोच मुळी घर्षणाने. डिस्कवर किंवा पॅडवर तेलकट थर बसला की गाडी थांबायला नको तितकी जागा घेते, आणि हे कळतं ते पुढे कोणीतरी आडवं आल्यावर. इथे ‘असेल त्याचं काही कारण’ म्हणून सोडून देऊ नका. मात्र डबा नीट वाचा. ब्रेक क्लीनर हाही स्प्रेच्याच डब्यात येतो, लांबून सारखाच दिसतो, आणि तो ब्रेकसाठीच बनवलेला असतो. तो घेणाऱ्याला अडवलंत तर उंटावरचे शहाणे तुम्हीच.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. त्याचा प्रकार डब्यावर ‘डॉट’ आणि आकडा असा लिहिलेला असतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल वर्गातली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते या बाकीच्यांत मिसळायचं नसतं. ५ आणि ५.१ यांत फरक एका दशांशाचा दिसतो, प्रत्यक्षात ती दोन वेगळी रसायनं आहेत. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं खनिज तेल ओतणं. त्याने आतले रबरी सील फुगतात आणि थोडंसं तेलसुद्धा पूर्ण यंत्रणा खोलून सील बदलण्याची वेळ आणू शकतं. ‘ब्रेकची लेव्हल खाली गेलीय, हेच चालेल ना?’ असं म्हणत कोणी इंजिन ऑइलचा डबा उचलला तर तिथल्या तिथे बोला. कोणी फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरायच्या गोष्टी करत असेल तर तेही सांगण्यासारखं आहे, कारण हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावरच्या चाचणीत किमान १५५ पुरतो. उतारावर सतत ब्रेक दाबताना हीच दरी नडते. द्रव उकळून आत वाफ झाली की पेडल मऊ पडून खाली जातं.

मग फ्यूज. १० ॲम्पिअरचा लाल फ्यूज सारखा जातो म्हणून ३० चा हिरवा घेणारा माणूस दुखणं बरं करत नाही, दुखण्याची खूण पुसतो. आता फ्यूजऐवजी वायर तापणार, आणि वायर असते गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डमागे. याचा शेवट आगीत होऊ शकतो.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक. ॲडब्लू हे नाव ऐकून ते डिझेलमध्ये घालायचं काहीतरी औषध असावं असा समज होतो. ते म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी वेगळी असते आणि ते काम करतं एक्झॉस्टमध्ये. डिझेलच्या टाकीत गेलं तर पंप आणि इंजेक्टर यांची वाट लागते. ‘एका टाकीला किती घालायचं?’ असा प्रश्न कानावर आला तर समजून जा. आणि घालून झालंय असं कोणी म्हणालं तर सांगायचं एवढंच, की गाडी चालू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका. काही गाड्यांत नुसत्या चावीनेही पंप द्रव पुढे ढकलतो.

उरलेली यादी भरभर: नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचा बेत (खाली जायचं तर स्टँड लागतात, गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता). गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचा बेत. टायर पॉलिश टायरच्या कडेऐवजी रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा पेडलवर मारायचा बेत. दुचाकीवर तर याने सरळ घसरगुंडी होते. आणि ॲसिड असलेलं व्हील क्लीनर ब्लीचसोबत एकत्र करायचा बेत, ज्यातून क्लोरीन वायू निघतो. यातला एकही बेत बाटलीवरून कळत नाही; माणूस स्वतः बोलतो तेव्हा कळतो. त्यामुळे ही वेळ तशी क्वचितच येते.

आता मधली जात, म्हणजे कोणाला लागणार नाही पण गाडीवर डाग राहील. वॅक्स समजून रबिंग कंपाउंड घेणं हे यातलं सगळ्यात नेहमीचं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. कंपाउंड हा थर घासून कमी करतं म्हणूनच ओरखडे दिसेनासे होतात. वर्षातून कधीतरी ठीक, दर आठवड्याला मारलं तर थर संपतो आणि मग गाडी रंगवण्याशिवाय इलाज नाही. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश मारलं की चकचकीत चट्टे पडतात, ते परत मॅट होत नाहीत. अमोनिया असलेलं काच साफ करायचं लिक्विड काचेवरच्या काळ्या फिल्मला खराब करतं. मोटरसायकलमध्ये कारचं ऑइलही इथेच बसवतो: क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरायला लागू शकतो, म्हणून अशा दुचाकींच्या ऑइलवर जासो एमए (JASO MA, एक जपानी मानक) अशी खूण बघतात.

या जातीत माणूस स्वतः गोंधळलेला दिसला तरच बोला. झरझर सामान घेत असेल तर जाऊ द्या.

तिसऱ्या जातीत बाकी सगळं जग. कुठल्या कंपनीचं ऑइल, वॅक्स की सिरॅमिक कोटिंग, महागडं शॅम्पू, आरशाला टांगायची वासाची कागदी झाडं, हेडलाइटवर टूथपेस्ट. टूथपेस्टने थोडे दिवस काच उजळते आणि पुन्हा पिवळी पडते. ज्याची गाडी आहे त्याला ते दिसेलच. यात पडणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

पायरी ३: आधी स्वतःचं ज्ञान झटकून बघा

ही पायरी लोक गाळतात. नव्या हौशीला जे माहीत असतं त्यातलं बरंचसं कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि ऐकीव गोष्टी सांगायलाच जास्त उत्साह असतो.

‘हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी घालू नका.’ मिसळू नये हे ठीक, पण रंग हा काही मानक नाही. कंपन्या आपापल्या मर्जीने रंग देतात. दोन हिरवी कूलंट आतून वेगळी असू शकतात आणि एक गुलाबी, एक निळं ही एकाच प्रकारची. बघायचं ते मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन. ‘कॉन्सन्ट्रेट तसंच ओता, दाट म्हणजे चांगलं.’ उलट आहे. पाण्यासोबत निम्मं-निम्मं केलेलं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, कूलंटचा मूळ घटक असलेलं नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं. ‘टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरा.’ टायरच्या कडेवर असतो तो त्या टायरचा कमाल दाब. आपल्या गाडीला किती हवा लागते ते सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि ते टायर थंड असताना मोजायचं. ‘इंजिनात एकदा सिंथेटिक ऑइल घातलं की परत मिनरल ऑइलवर येता येत नाही.’ येता येतं, ग्रेड आणि मानक जुळलं की झालं. ‘बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते.’ हल्लीच्या प्लास्टिक खोक्याच्या बॅटऱ्यांना जमिनीशी काही देणंघेणं नाही. वापरात नसलेली बॅटरी कुठेही ठेवली तरी हळूहळू उतरतेच.

यातलं एखादं वाक्य तुम्हीही ठामपणे बोलत आला असाल तर वाईट वाटून घेऊ नका, पण अनोळखी माणसाला ते ऐकवू नका. कसोटी सोपी आहे: मी जे सांगणार आहे ते या क्षणी, या दुकानात, छापलेलं दाखवता येईल का? बाटलीच्या मागे, झाकणावर, दाराच्या चौकटीवर, मॅन्युअलमध्ये? ब्रेकच्या टाकीच्या झाकणावरच बहुधा कुठलं डॉट ते लिहिलेलं असतं. छापील आधार असेल तर तुमचा सल्ला दोन सेकंदांत तपासता येतो. नसेल तर समोरच्याने तुमच्या चेहऱ्याकडे बघून विश्वास ठेवायचा, असं होतं. तेवढी ओळख तुमची-त्याची नाही.

पायरी ४: माणूस बघा

बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतोय, दोन डबे दोन हातांत धरून आळीपाळीने बघतोय, फोनवर काहीतरी शोधतोय, आजूबाजूला कोणी कर्मचारी दिसतोय का बघतोय: याला मदत हवी असण्याची शक्यता आहे. कानात इयरफोन, हातात यादी, न वाचता उचलून पुढे: याला नको आहे. लहान मूल ओढत असेल तर उत्तम सल्लासुद्धा ऐकला जाणार नाही. सोबत कोणी असेल तर जास्तच सांभाळा. मुलासमोर बापाला, बायकोसमोर नवऱ्याला किंवा नवऱ्यासमोर बायकोला ‘तुमचं चुकतंय’ हे ऐकायचं नसतं, आणि मग तो माणूस केवळ हट्टाने तीच बाटली घेऊन जातो.

कर्मचारी कोणाला माहिती देत असेल तर मधे नाक खुपसू नका. अगदी धोक्याचंच काही चुकीचं सांगितलं जात असेल तर कर्मचाऱ्याला उद्देशून प्रश्न विचारा, ‘यावर डॉट ५ लिहिलंय, ते डॉट ४ मध्ये चालतं का?’ त्यालाच डबा फिरवून वाचू द्या.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. गाडीच्या सामानाच्या रॅकपुढे बाई दिसली की पुष्कळ पुरुषांना अचानक सल्ले सुचायला लागतात. तिच्या जागी ग्रीसने माखलेल्या हातांचा पन्नाशीचा माणूस हीच बाटली धरून उभा असता तर मी बोललो असतो का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर बोलायचं कारण बाटलीत नाही. वयाचंही तसंच. तरुण पोराला वाटतं काकांना नवं काही कळत नाही, काकांना वाटतं पोराने अजून पाना धरलेला नाही. दोघंही रिकाम्या हाताने परत जातात.

पायरी ५: आधी विचारा

जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी आहे. आपलं निवडीचं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो, आणि जे करू नको म्हटलं तेच त्याला जास्त हवंसं वाटतं. ‘हे घेऊ नका’ या वाक्याने नेमकं हेच होतं. सल्ला बरोबर आहे की चूक हा प्रश्न मग मागे पडतो.

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनातून विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी वाढवलेल्या पद्धतीत याला एक साधा उतारा आहे: माहिती देण्याआधी परवानगी विचारायची, थोडक्यात सांगायचं, आणि मग समोरच्याला काय वाटतं ते विचारायचं. दुकानात एवढं सविस्तर जमणार नाही, पण क्रम तोच ठेवता येतो. रॅकपुढे ते असं होतं:

‘एक विचारू का?’

‘हां, बोला ना.’

‘हे नुसतं चमक आणायला घेताय, की ओरखडे काढायला?’

‘चमक यायला. रविवारी गाडी धुतो, तेव्हा मारत जाईन म्हटलं.’

‘मग मागची ही ओळ एकदा वाचून बघा. हे घासून काम करतं असं लिहिलंय. दर आठवड्याला लावायचं वॅक्स वेगळं असतं.’

‘अच्छा. मला वाटलं एकच.’

‘डबे दिसतातच सारखे.’

यात ‘चुकीचं’ हा शब्द कुठेच आलेला नाही. पहिला प्रश्न त्याला नाही म्हणायची वाट ठेवतो. दुसऱ्या प्रश्नाने कळतं की चूक खरंच आहे का. तो ‘ओरखडे काढायला’ म्हणाला असता तर आपण ‘अच्छा’ म्हणून निघालो असतो. तिसऱ्या वाक्यात बोलतोय डबा. आणि शेवटच्या वाक्याने त्याची लाज राखली. ते गाळू नका. चूक दाखवणाऱ्याला लोक माफ करतात, ती दाखवून गप्प बसणाऱ्याला करत नाहीत.

काय बोलू नये तेही बघा. ‘हे कोणी वापरतं का हल्ली?’ ‘मी तर कधीच…’ ‘गाडीची वाट लागेल तुमच्या.’ ‘तुम्हाला माहीत नसेल, पण…’ यातल्या प्रत्येक वाक्यात गाडी कमी आणि बोलणारा जास्त आहे.

धोक्याच्या जातीत मात्र इतका आडवळणाचा क्रम लागत नाही. कोणी ब्रेकवर वंगण मारणार असेल तर सरळ सांगा: ‘थांबा, ते ब्रेकवर मारलंत तर गाडी थांबणार नाही. ब्रेकसाठी वेगळा क्लीनर असतो, आणि आवाज सारखा येत असेल तर पॅड तपासून घ्या.’ आवाज न चढवता, पण गुळमुळीतही नाही.

पायरी ६: एकदा सांगून बाजूला व्हा

सांगताना समोर आडवे उभे राहू नका. शेजारी, रॅककडे तोंड करून, हातभर अंतर ठेवून बोला. त्याच्या हातातली बाटली घेऊ नका, त्याच्या ट्रॉलीत डोकावू नका. ‘असू दे’, ‘बघतो’, ‘हं’ ही तिन्ही उत्तरं ‘नाही’ समजायची. ‘ठीक आहे’ म्हणा आणि पुढच्या रॅककडे जा. मागून जाऊन ‘ते मघाशी म्हणालो ना’ सुरू केलंत तर आधीचं चांगलं सांगितलेलंही वाया.

जिवावर बेतणारी गोष्ट असेल आणि माणूस ऐकत नसेल, तर काउंटरवरच्या माणसाच्या कानावर घाला. त्याच्या गणवेशाला तुमच्यापेक्षा वजन आहे.

पायरी ७: उलट त्यानेच विचारलं तर

सल्ला लागू पडला की गाडी रुळावरून घसरते ती इथे. समोरचा खूश होऊन विचारतो, ‘मग ऑइल कुठलं चांगलं? आणि मायलेज कमी झालंय, ते कशाने?’ अशा वेळी अंगात शंभर मेकॅनिक संचारतात. आवरा. ऑइलसाठी मॅन्युअलमधली ग्रेड आणि मानक बघायला सांगा, कंपनीचं नाव सांगू नका. मायलेजचं निदान रॅकपुढे उभं राहून होत नाही. फार तर टायरमधली हवा तपासायला सांगा, त्यात कोणाचं नुकसान नाही. ‘चला, गाडी बाहेरच आहे, बघू’ या आमंत्रणाला नम्रपणे नकार द्या. बॉनेट तुमच्यासमोर उघडलं की पुढच्या महिन्यात होणाऱ्या प्रत्येक बिघाडाला तुमचा हात लागलेला असतो.

पार्किंगमधले नियम वेगळे आहेत

दुकानातून बाहेर आलं की हे सगळं थोडं सैल होतं, कारण तिथे सल्ल्याऐवजी नुसती माहिती देता येते. ‘तुमच्या मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी दिसतेय’, ‘ब्रेक लाइट एका बाजूचा लागत नाहीये’, ‘दिवे चालू राहिलेत’. हे खुशाल सांगा, कोणालाही, कधीही. आपला ब्रेक लाइट आपल्याला ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळणं कठीण. वाक्य मात्र दिसतंय तिथेच संपवा. ‘हवा कमी आहे’ ही माहिती. ‘तुम्ही हवा तपासत नाही वाटतं’ हा टोमणा. ‘गाडी जरा धुवत चला’ याला तर नावच नाही.

गळतीबद्दल सांगण्याआधी खाली वाकून बघा. एसी चालवून आलेल्या गाडीखाली स्वच्छ, पातळ, बिनवासाच्या पाण्याचं थारोळं असणं ठीकच आहे. एसीत जमलेलं दव बाहेर पडतं. थंड गाडी चालू केल्यावर एक्झॉस्टमधून गळणारं पाणीही तसंच. त्यावरून कोणाला घाबरवू नका. रंगीत, बोटाला बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट असू शकतं, आणि ते सांगाच. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि पाळीव जनावरं ते चाटतात. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी सिगारेटवाल्याला लांब करा.

बॅटरी उतरलेल्या गाडीपाशी लोक स्वतःहून मदत मागतात, तेव्हा केबलचा क्रम पाठ असलेला बरा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून ते लांब. काढताना हाच क्रम उलटा. काही गाड्यांत जोडायच्या जागा वेगळ्या दिलेल्या असतात, हायब्रिडमध्ये तर हमखास मॅन्युअल बघावं लागतं. गाडीमालकालाच मॅन्युअल उघडून ते पान वाचायला लावा, तुम्ही केबल धरा.

आणि कधी तुमच्याच शेजारी कोणी येऊन म्हणेल, ‘अहो, ते नका घेऊ.’ ऐकून घ्या, थँक्यू म्हणा, डबा उलटा करून मागची ओळ वाचा. तो बरोबर असेल तर डबा परत ठेवा. चुकत असेल तर वाद न घालता ट्रॉलीत टाका.